करंटाचा वायल आणि कोंबडीचा टिंगा

भांडं उलटं केलं तेव्हा बुडाशी चिकटवलेल्या पट्टीवर तीन आकडे दिसले. १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, २४० वॅट. दिराने बोटीवरून सुट्टीवर येताना ह्यूस्टनच्या बंदरात हा स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं, घेतला होता आणि टॉवेलात गुंडाळून, आतल्या जड मातीच्या भांड्यात चिपोटले मिरचीचे दोन डबे आणि मांसात टोचायचा थर्मामीटर ठेवून तो वेंगुर्ल्यापर्यंत आणला होता. दीर मालवाहू जहाजावर असतो. मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझ बंदराबाहेर एका गाडीवर त्याने कोंबडीचे टॅको खाल्ले, आणि तेव्हापासून दर फोनवर त्यांचं वर्णन चालू होतं. मऊ, पिंजलेली कोंबडी, तिला धुराचा वास, आणि खाली तळहाताएवढ्या मक्याच्या दोन भाकऱ्या. "वयनी, मी थंय खाल्लंय तसा आपण घराक करून बघूया," एवढंच त्याचं मागणं.

जून लागला होता. १ जूनपासून दोन महिने यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत, बाजारात ताजी मासळी अगदी थोडी. सुकं संपत आलं की आमच्याकडे आठवड्यातून दोनदा कोंबडी शिजते. त्यामुळे सरावाला कोंबडी आणि वेळ, दोन्ही भरपूर होतं. अडचण होती ती त्या १२० आकड्याची.

आमच्या वाडीतला वायरमन पट्टी वाचून म्हणाला, "थेट लावलास तर जळान जातला." का ते त्याने कागदावर मांडून दाखवलं. आपल्या घरात २३० व्होल्ट येतात, म्हणजे जवळजवळ दुप्पट. पण तापणाऱ्या तारेत शक्ती व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, म्हणून २४० वॅटचं भांडं पावणेचार पटीच्या जवळ, साधारण ८८० वॅट ओढायला जाणार. मातीचं भांडं तडकेल, नाहीतर आतली तार जाईल. साठ हर्ट्झचं काही मनावर घेऊ नका म्हणाला, गरम करण्याच्या साध्या तारेला त्याचा फरक पडत नाही. मग कुडाळहून ५०० वॅटचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आणला. २३० घेऊन ११० देणारा, विटेएवढा आणि विटेपेक्षा जड. इथेच एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. कुकरला १२० हवेत आणि ट्रान्सफॉर्मर देतो ११०. म्हणजे आमच्याकडे तो कायमच थोडा थंड चालणार. अमेरिकेच्या पाककृतीत सहा तास लिहिले असतील तर आमचे सात.

पहिल्या रविवारी दुपारी तीनला मी एक किलो कोंबडी आत घातली आणि रात्री नऊला जेवायचं ठरवलं. सहानंतर आमच्याकडे व्होल्टेज पडतं. नळाच्या पंपाचा आवाज बदलतो, ट्यूब डोळे मिचकावते. त्या दिवशी वायरमनच्या मीटरवर १८० दिसले. १८० आत गेले की ट्रान्सफॉर्मरमधून शहाऐंशी बाहेर येतात, आणि त्या शहाऐंशीवर कुकरची ताकद जेमतेम निम्मी उरते. साडेसातला थर्मामीटर टोचला तर काटा ५२ अंशांवर. साडेचार तास होऊन गेले होते.

थोडं थांबून हे सांगायलाच हवं, कारण स्लो कुकरची सगळी सुरक्षितता या एका गोष्टीवर आहे. साधारण ४ ते ६० अंश सेल्सियसच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात. कुकर नीट चालला तर कोंबडी हा पट्टा दोन-तीन तासांत ओलांडून जाते. कुकर अडखळला तर ती तासन्‌तास तिथेच कोमट बसून राहते. सगळ्यांनी सुचवलं की आता प्रेशर कुकरला लाव, चार शिट्ट्या काढ, सगळे जंतू मरतील. जंतू मरतात हे खरं. पण काही जंतूंनी तोवर सोडलेलं विष उकळूनही जात नाही. घरात चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई आणि नववीतली मुलगी. मी ती कोंबडी माडाच्या आळ्यात खोल खड्डा करून पुरली. एक किलो कोंबडी मातीत घालताना माझे हात जड झाले होते. त्या रात्री आम्ही पेज आणि सुक्या बांगड्याची किसमूर जेवलो.

त्यानंतर नियम केला. स्लो कुकर सकाळी साडेसहाला लागणार, पहिला तास "हाय"वर आणि मग "लो"वर, आणि दोन तासांनी थर्मामीटर एकदा टोचून बघायचाच. फ्रीजरमधली गोठलेली कोंबडी तर कधीच थेट घालायची नाही, ती आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली उतरवायची. झाकण मात्र त्या एका तपासणीशिवाय उघडायचं नाही. प्रत्येक वेळी उघडलं की अडकलेली वाफ जाते आणि वीस-पंचवीस मिनिटं मागे पडतात.

दुसरी खेप खाण्यासारखी झाली, पण टॅको झाले नाहीत. मी छातीचं बोनलेस मांस घेतलं होतं, आणि कोंबडीच्या रश्श्याला घालते तसं दोन वाट्या पाणी घातलं होतं. रश्श्याचं पातेलं उघडं उकळतं, पाणी उडतं. स्लो कुकरमधून काहीच उडत नाही. झाकणाला लागलेली वाफ थेंब होऊन परत आत पडते, वर कोंबडी स्वतःचं पाणी सोडते, टोमॅटो सोडतो, कांदा सोडतो. दुपारी आत एक तांबूस सूप तयार होतं आणि त्यात छातीचे कोरडे धागे. छातीच्या मांसात चरबी आणि सांध्याजवळचा चिवट पडदा फार थोडा असतो. तंगडीत तो पडदा असतो, आणि मंद आचेवर तासन्‌तास राहिला की विरघळून मांसाच्या रेषांना आतून ओलावा देतो. ७४ अंशांना कोंबडी खायला सुरक्षित होते, पण बोटांनी सुटायला ती नव्वदच्या वर काही काळ राहावी लागते. छाती तिथे पोचेपर्यंत सुकून जाते.

त्या सुपाकडे बघून सासूबाई पहिल्यांदा खूश झाल्या. "आता बरो रस्सो झालो," म्हणाल्या आणि भातावर घेतला.

वायलाची गोष्ट त्यांनीच काढली. आमच्या जुन्या चुलीला दोन तोंडं आहेत. पुढच्या तोंडाखाली लाकडं, आणि मागच्या बाजूला वायल, ज्याला घाटावर वैल म्हणतात. वायलाखाली स्वतःचा जाळ नसतो, पुढच्या जाळाची उरलेली धग तिथे जाते. कुळथाचं कढण, वालाची उसळ, बाळंतिणीची पेज, सगळं पुढे उकळी आणून मग वायलावर सरकवायचं आणि शेतात निघून जायचं. मी कुकर कसा चालतो ते समजावत होते, खाली आणि कडेने हळू तापतं, ढवळावं लागत नाही, आपण कामाला गेलो तरी चालतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे ह्यो तुमचो करंटाचो वायल!" त्या दिवसापासून घरात त्याला दुसरं नाव नाही.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की या यंत्राचा जन्मही असाच आहे. ते अर्व्हिंग नॅक्सन या अमेरिकन माणसाने बनवलं, १९४० साली त्याला पेटंट मिळालं. त्याच्या आईने त्याला लिथुआनियातल्या चोलेंटची गोष्ट सांगितली होती. शनिवारी ज्यू घरांत चूल पेटवत नाहीत, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मांस-कडधान्याची हंडी गावच्या बेकरीच्या विझत्या भट्टीत ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी आणायची. म्हणजे तीही उरलेली धगच. नॅक्सनची कंपनी पुढे विकली गेली आणि १९७१ साली हेच भांडं क्रॉक-पॉट या नावाने बाजारात आलं. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ त्या भट्टीबद्दल विचारत राहिल्या. प्रत्येकीची हंडी ओळखायची कशी, झाकण कशाने लिंपायचं.

तिसऱ्या खेपेपासून हात बसला. आता मी जे करते ते असं.

दीराने खाल्लेल्या पदार्थाचं नाव टिंगा. तो मूळ पुएब्ला शहराकडचा. कोंबडी, टोमॅटो, कांदा आणि चिपोटले, एवढ्यावर तो उभा आहे. चिपोटले म्हणजे पिकून लाल झालेली हालापेन्यो मिरची, धुरावर वाळवलेली. ही मिरची इतकी गरदार असते की ती नुसत्या उन्हात नीट वाळत नाही, म्हणून धूर. नावातच ते आहे. मेक्सिकोच्या जुन्या नहुआतल भाषेत चिल्ली म्हणजे मिरची आणि पोक्तली म्हणजे धूर. टोमॅटो हा शब्दही त्याच भाषेतला. डब्यात ही मिरची अदोबोत बुडवलेली असते, टोमॅटो, व्हिनेगर आणि लसणाच्या दाट आंबट रसात.

एक किलो तंगड्या हाडासकट घेते, कातडी काढून. हाड काढल्यावर साडेसहाशे ग्रॅम मांस उरतं, सहा माणसांना पुरतं. चार टोमॅटो, दोन मोठे कांदे उभे चिरून, आणि सालासकट लसणाच्या सहा पाकळ्या बिडाच्या तव्यावर डाग पडेपर्यंत भाजते. ही पायरी मी दुसऱ्या खेपेला गाळली होती, आणि कच्च्या कांद्याचा उग्र वास शेवटपर्यंत राहिला. स्लो कुकर शंभराच्या वर जातच नाही, त्यामुळे त्यात काहीही खरपूस होत नाही. जे खरपूस हवं ते आधी तव्यावर करून घालायचं. वाटपासाठी आपण कांदा-खोबरं भाजतो तेच कारण. मग टोमॅटो, लसूण आणि तीन चिपोटले, डब्यातल्या दोन चमचे रसासकट, जाडसर वाटते. अर्धा चमचा जिऱ्याची पूड, दीड चमचा मीठ. पाणी एक थेंबही नाही.

मेक्सिकन ओरेगानो माझ्याकडे नाही. तो पिझ्झ्यावरच्या ओरेगानोहून वेगळ्याच कुळातला असतो. पण मागच्या दारी पानओवा आहे, पावसाळ्यात त्याची पानं तळहाताएवढी जाड होतात आणि आम्ही त्यांची भजी करतो. क्युबा आणि आसपासच्या बेटांवर याच पानांना ओरेगानोच्या जागी वापरतात, इंग्रजीत त्याचं नावच क्युबन ओरेगानो. दोन पानं बारीक चिरून घातली, जास्त नको, जास्त झाली की खोकल्याच्या काढ्याची आठवण होते.

कांदे तळाशी, त्यावर तंगड्या, त्यावर वाटण. साडेसहाला झाकण पडतं. दोन तासांनी टोचलं की ७० ते ७५ अंश दिसायला हवेत. दुपारी एकला ९३ असतात. विजेचा हिशेब अगदी वरच्या बाजूने धरला तरी सात तासांचं पावणेदोन युनिटच्या आत भागतं, आणि तेवढ्या वेळात मी शाळेत जाऊन चार तासिका घेऊन परत येते.

यानंतरचं काम मला सगळ्यात आवडतं. तंगड्या परातीत काढायच्या, हाडं आपोआप हातात येतात, आणि गरम असतानाच मांस पिंजायचं. दीर दोन काटे घेऊन बसतो, तो तिकडे पाहिलेला प्रकार. सासूबाई आणि मी हातानेच पिंजतो, कापूस पिंजावा तसं, रेषेच्या दिशेने. हाताला बारीक हाड, कूर्चा लगेच लागते, काट्याला लागत नाही. फार बारीक करू नये, भुसा होतो. करंगळीच्या जाडीची रेषा ठेवावी, ती पुढे आपोआप सुटते. इकडे भांड्यातला रस लोखंडी कढईत ओतून मोठ्या आचेवर अर्धा होईपर्यंत आटवते, त्यातला निम्मा बाजूला ठेवते आणि निम्म्यात पिंजलेली कोंबडी घालून दहा मिनिटं परतते. मांस तो रस पिऊन घेतं. टिंगा ओला दिसावा पण ताटलीत पाणी सुटू नये.

गावठी कोंबडाही करून पाहिला. शेजाऱ्यांचा दीड वर्षांचा, चांगला धावलेला. त्याला नऊ तास लागले आणि रेषा राठ राहिली, पण रसाची चव अशी उतरली की दीर वाटी तोंडाला लावून प्यायला. तरीही टॅकोसाठी मी ब्रॉयलरच्या तंगड्याच घेईन. गावठी कोंबड्याला वडे आणि सागुतीच शोभतात.

आता भाकरी, जिच्यावर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. टॅको म्हणजे दुमडलेली टॉर्टिया. कडक, तळलेली, इंग्रजी यू अक्षरासारखी पुडी मिळते ती अमेरिकेत रुळलेली आहे. दिराने खाल्ले ते मऊ. मी आधी बाजारातल्या मक्याच्या पिठाच्या भाकऱ्या थापल्या. तव्यावर छान फुगल्या आणि दुमडताच मधोमध मोडल्या. दोनदा, तीनदा, गरम पाण्याने उकड काढूनही. मग शोधल्यावर समजलं की तिकडे मका नुसता दळत नाहीत. तो चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर ठेवतात, सालं चोळून धुतात आणि ओलाच वाटतात. त्याला निक्स्तमाल म्हणतात. चुन्याने दाण्याचं साल सुटतं, आतला चिकटपणा मोकळा होतो आणि पीठ एकमेकांना धरून राहतं. आणखी एक मोठी गोष्ट त्यात घडते. मक्यातलं नायसिन नावाचं जीवनसत्त्व बांधलेलं असतं, ते चुन्याने मोकळं होऊन अंगी लागतं. मका युरोपात गेला, पण ही रीत त्याच्याबरोबर गेली नाही. इटलीच्या उत्तर भागात आणि नंतर अमेरिकेच्या दक्षिणेत नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला. कातडी सोलवटायची, बुद्धी भ्रमिष्ट व्हायची, माणसं मरायची. हे वाचल्यावर मी ती पायरी कधीच टाळली नाही.

चुना आमच्याकडे नवा नाही. सासूबाईंच्या पानाच्या चंचीत तो सदैव असतो. खायचा चुनाच घ्यायचा, रंगाचा नाही. मका सावंतवाडीच्या धान्यबाजारातून आणला, घाटावरून आलेला. दुकानदाराला खाण्याचा मका असं स्पष्ट सांगावं, कारण पेरणीच्या बियाण्याला औषध लावलेलं असतं आणि ते कितीही धुतलं तरी खाऊ नये. अर्धा किलो मका, दीड लिटर पाणी, एक सपाट चमचा ओला चुना पाण्यात कालवून. स्टीलचंच पातेलं, अॅल्युमिनियमला चुना खातो. पाणी तापताच मका पिवळाधमक होतो आणि पावसाच्या पहिल्या सरीनंतर चिऱ्याच्या भिंतीला येतो तसा काहीसा वास सुटतो. पाऊण तास मंद उकळून झाकून ठेवला. सकाळी दाणा चोळला की साल बोटावर येतं. तीन-चार पाण्यांनी धुतला.

मिक्सरने वाटायला गेले तर पातं फिरेपर्यंत पाणी घालावं लागलं आणि डोशाचं पीठ झालं. तेव्हा सासूबाईंनी पाटा धुवायला सांगितला. मेक्सिकोत मेटाते नावाचा दगड असतो, त्यावर दुसऱ्या लांबट दगडाने मका वाटतात. दिराने फोनवर चित्र दाखवलं, तर तो आमचा पाटाच, फक्त त्याला तीन पाय. सासूबाईंनी निम्मा वाटला, त्यांचा वरवंटा पुढे जाताना दाबतो आणि मागे येताना गोळा करतो, माझा नुसता घासतो. निम्मा मी. तासभर लागला. नऊशे ग्रॅमच्या आसपास गोळा झाला. या पिठाला तिकडे मासा म्हणतात. बंदीच्या दिवसांत घरात मासा आहे म्हटल्यावर मुलगी खिदळत सुटली, आणि सासूबाईंनी दोनदा खात्री करून घेतली की यात मासळीचं काही नाही, कारण दुसऱ्या दिवशी त्यांचा सोमवार होता.

लिंबाएवढा गोळा, साधारण तीस ग्रॅम. दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये ठेवून वरून पोळपाट दाबला. कड फाटली तर पीठ कोरडं आहे, ओला हात लावून परत मळावं. सासूबाईंनी पोळपाट बाजूला केला आणि केळीच्या पानाला पाणी लावून वडे थापतात तसं थापायला घेतलं. त्यांच्या टॉर्टिया माझ्यापेक्षा एकसारख्या आल्या. बिडाचा तवा चांगला तापलेला हवा, तेल नाही. पहिली बाजू अर्धा मिनिट, उलटवून एक मिनिट, परत उलटवली की मधे फुगा येतो. लगेच पंचात गुंडाळून ठेवायच्या, स्वतःच्या वाफेत त्या मऊ पडतात. मी एक दुमडली. मोडली नाही. चुरगळून मुठीत धरली आणि सोडली, परत उलगडली. दीर स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. काही न बोलता त्याने ती माझ्या हातातून घेतली आणि नुसतं मीठ लावून खाल्ली.

वरून घालायला कांदा-कोथिंबीर आणि लिंबू, हे तिकडचंच. त्यात मी एक आमचं घातलं. उभा चिरलेला कांदा कोकमाच्या आगळात अर्धा तास बुडवून ठेवला. आगळ मुळातच खारट, वेगळं मीठ लागत नाही. मेक्सिकोच्या युकातान भागात लाल कांदा आंबट संत्र्याच्या रसात मुरवून टॅकोवर घालतात, त्याच्या जवळचा हा स्वाद. जांभळा-गुलाबी कांदा लालसर कोंबडीवर दिसतोही सुरेख. तिकडचं मऊ पांढरं चीज इथे नाही, त्याऐवजी घरचं पनीर हाताने कुस्करून, किंचित मीठ लावून. राजमाही एकदा केला, पण तो कच्चा कधीच स्लो कुकरमध्ये घालू नका. राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, ते किमान दहा मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय जात नाही, आणि स्लो कुकर तेवढा खळखळत नाही. भिजवलेला राजमा प्रेशर कुकरलाच लावावा.

पावसात पाहुणे आले आणि मका भिजवायला वेळ नव्हता, तेव्हा तांदळाच्या उकडीच्या भाकरीवर टिंगा वाढला. लोकांनी आवडीने खाल्ला. घावनातही चांगला लागतो. पण मी त्याला टॅको म्हणत नाही. मक्याचा आणि चुन्याचा तो वास नसला की चिपोटलेचा धूर एकटा पडतो.

डबे दोनच होते. जुलैच्या शेवटी दुसरा संपला. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली, सोळाव्या शतकात, आमच्या रेडीच्या खाडीपलीकडच्या गोव्यात. ती आपली नव्हे हे सासूबाई आजही मानत नाहीत. पण धुराची मिरची काही आली नाही, म्हणून ती इथेच करायची ठरवली. बाजारातून जाड सालीच्या पिकल्या लाल मिरच्या आणल्या, देठासकट उभ्या चिरल्या, आणि जुन्या चुलीवरच्या माळ्यावर चाळणीत पसरल्या. खाली नारळाची सोडणं आणि काजूचं लाकूड, जाळ नाही, नुसता धूर. पहिल्या दिवशी जाळ चढला आणि निम्म्या करपल्या, त्या कडू निघाल्या. दुसऱ्या घाण्याला सोडणं पाणी शिंपडून घातली. तीन दिवस लागले, रात्री विझवून सकाळी पुन्हा. मिरची काळपट तपकिरी होते, सुरकुतते, पण मोडत नाही, वाकते. गरम पाण्यात भिजवून, थोडा टोमॅटो, लसूण, गूळ आणि नारळाच्या माडीचं व्हिनेगर घालून वाटली.

तिचा टिंगा ऑगस्टात केला, श्रावण लागायच्या आधी जमलं नाही म्हणून फक्त आम्हा दोघी-तिघांपुरता, सासूबाईंसाठी त्या दिवशी वेगळं वरण-भात. सोडणाचा धूर हालापेन्योच्या धुरापेक्षा जरा गोडसर आहे, आणि तिखटपणा जिभेच्या टोकाला लवकर पोचतो. पुढच्या वेळी तीनऐवजी दोनच मिरच्या घालेन. दीर तोवर बोटीवर परतला होता. फोनवर त्याने पहिला प्रश्न विचारला तो धुराचाच.

बाजूला काढून ठेवलेला तो निम्मा रस मी फेकत नाही. थंड करून फ्रीजमध्ये ठेवते, सकाळपर्यंत तो तंगड्यांच्या हाडांमुळे जेलीसारखा घट्ट होतो. श्रावण संपल्यावरच्या पहिल्या टिंग्याचा रस दुसऱ्या सकाळी गरम करून अंबोळीबरोबर वाढला. सासूबाईंनी एक अंबोळी संपवली, वाटी पुढे केली आणि विचारलं, "ह्येचो आजून असा काय?"